नाशिकचे रस्ते आणि चाकातली हवा

मैत्रिणींनो, नाशिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, आणि हंगामात पेट्यांतून घरी येणारी द्राक्षं! पाहुणे येतात, रिक्षा करून पंचवटी पाहतात, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला जाऊन येतात आणि चिवड्याचे पुडे बांधून परत जातात. पाहिलं नाशिक! पण मला विचाराल, तर या गावाला सायकलचा वेग शोभतो. पायी फिरायला गाव आता फार पसरलंय आणि रिक्षातून ते नीट दिसत नाही. सायकलवर मात्र गोदाकाठचा गारवा अंगाला लागतो, गंगापूर रोडची झाडं ओळखीची होतात आणि मंडईतली मेथी कितीला आहे तेही जाता जाता कानावर पडतं.

सायकलचं आणि या गावाचं नातं जुनं आहे. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत जाणारे कामगार, नाशिकरोडच्या प्रेसमधली मंडळी, दूधवाले, पेपरवाले या सगळ्यांनी वर्षानुवर्षं सायकली चालवल्या. अलीकडे हौशी सायकलस्वारही पुष्कळ झाले. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला चक्क सायकलवारी जाते. आणि २०१५ साली तर आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. डॉक्टरकी सांभाळून हो!

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे अमेरिका गाठायचीय? आम्हाला भाजी आणायची, मुलांना क्लासला सोडायचं. खरं आहे. पण अमेरिका असो की मंडई, चाकात हवा किती हवी हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. आणि आपल्याकडे तो कुणी विचारतच नाही. हवा भरायची म्हणजे अंगठ्याने दाबून बघायचं, ‘कडक’ वाटली की झालं. मग पंक्चर झालं की नशिबाला बोल! म्हणून आज तुम्हाला नाशिकच्या रस्त्यांवरून जरा फिरवून आणते आणि फिरता फिरता हवेचा हिशेबही सांगते.

आधी जुन्या गावात जाऊ. नऊ शिखरांवर वसलं म्हणून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. (शूर्पणखेच्या नाकाची तर सर्वांना ठाऊकच आहे.) खरं-खोटं विद्वान जाणोत, पण सायकलवरून गेलं की ती नऊ शिखरं गुडघ्यांना पटतात! सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपुलाकडचे बोळ सगळे नदीकडे उतरत जातात. उतार, त्यात मधेच गतिरोधक, कुठे खणून बुजवलेला चर, कुठे फरशीची उचललेली कड. इथे चाकाला टोचत काहीच नाही, पण धक्के सतत बसतात.

धक्क्यानेही पंक्चर होतं, हे पुष्कळजणींना ठाऊक नसतं. चाकात हवा कमी असेल आणि दगडाच्या कडेवर चाक जोरात आपटलं, तर टायर पार चेपतं. आतली ट्यूब एकीकडून लोखंडी रिम आणि दुसरीकडून दगड अशी कचाट्यात सापडते. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी. रिमला दोन कडा, म्हणून ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. टायरला बाहेरून काही झालेलं नसतं, खिळा नाही, काटा नाही. आपण म्हणतो, “कमाल आहे, काही लागलं नाही आणि पंक्चर कसं?” अहो, लागलं काही नाही, हवाच कमी होती.

आता त्र्यंबक रस्त्याने सातपूरकडे वळू. इथे कारखान्यांची वस्ती, म्हणून रस्त्याच्या कडेला लोखंडाचा किस, तारांचे तुकडे, कधी खिळा. पुढे वस्ती विरळ होते, डावीकडे अंजनेरीचा डोंगर दिसू लागतो. पावसाळ्यात या रस्त्याची शोभा काय वर्णावी! भाताची खाचरं, धुकं, डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याच्या धारा. पण पाऊस सरला की कडेच्या मातीत दुसरंच पीक उगवतं. जमिनीलगत पसरणारी वेल, पिवळी पाच पाकळ्यांची नाजूक फुलं, आणि त्यानंतर येतात ती काटेरी फळं. हाच तो सराटा, म्हणजे आपला गोखरू. बाळंतिणीच्या लाडवात घालतो ना, तोच! लाडवात गुणी आणि रस्त्यावर अवगुणी. त्याचं फळ कसंही पडलं तरी एखादा काटा आभाळाकडे रोखलेला असतोच.

तसंच गिरणारे-दुगावच्या बाजूला जाऊन बघा. द्राक्षांचे मांडव, टोमॅटोची शेतं, दोन्ही बाजूंनी हिरवंगार. पण मांडवाच्या तारांची कापलेली टोकं आणि कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांचे काटे रस्त्यावर येतात. बाभळीचा काटा म्हणजे दाभणच.

या काट्यांवर हवेचा उपाय चालत नाही, हे आधीच सांगते. हवा कमी ठेवा की जास्त, बाभळीचा काटा शिरायचा तर शिरणार. त्यावर उपाय वेगळे. टायर गुळगुळीत होण्याआधी बदलणं, टायरच्या आत जाड पट्टी घालून घेणं आणि रस्त्याची अगदी कड टाळणं. अन् एक युक्ती लक्षात ठेवा. सराट्याचा काटा पहिल्या फेरीत नेहमीच ट्यूबपर्यंत पोचत नाही. तो टायरमध्ये रुततो आणि चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडा थोडा आत जातो. मातीच्या रस्त्यावरून डांबरीवर आलात की उतरून दोन्ही चाकं सावकाश फिरवून बघा. काटा दिसला आणि हवा अजून धरून असेल, तर तिथेच काढून टाका. अर्ध्या मिनिटाचं काम.

म्हणजे पंक्चर एकाच जातीचं नसतं. भद्रकालीतल्या आमच्या पंक्चरवाल्या चाचांनी मला ही ओळख शिकवली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा धरायचे आणि म्हणायचे, “बाई, भोक बघा. भोक बोलतं.” ते काय बोलतं ते तुम्हीही ऐकून ठेवा.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल, तर काटा, तार नाहीतर खिळा. दोन चिरा शेजारी शेजारी असतील, तर हवा कमी. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल, तर एखाद्या स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल, तर पुन्हा हवेकडेच संशय. हवा कमी असली की टायर आणि ट्यूब रिमवर हळूहळू सरकतात, व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला असतो, तो ओढला जाऊन मुळाशी फाटतो. पाहिलंत? चार प्रकारांतले दोन हवेचे. आणि हेच दोन फुकटात टाळता येतात.

हे सगळं इतक्या तपशिलाने का सांगते, त्याला कारण आहे. आठवड्यातून तीन दिवस मी शहराबाहेरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. पुष्कळ मुली आसपासच्या पाड्यांवरून सायकलने येतात. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी शासनाची मदत मिळते. ती सायकल आली की मुलगी शाळेत टिकते, हे आम्ही डोळ्यांनी बघतो.

पण नववीतली एक हुशार मुलगी पावसाळा सुरू झाल्यापासून आठवड्यात दोन दोन दिवस गैरहजर राहू लागली. विचारलं तर खाली मान. शेवटी मीच तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, “बाई, सायकल हाये, पन रोज पंचर. दुकान फाट्यावर, तीन किलोमीटर. पोर सांजच्याला एकटी सायकल ढकलत येती. तिचे वडील म्हनतात, बास झाली शाळा.”

मैत्रिणींनो, या ‘बास झाली शाळा’चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. दहावीच्या आत शाळा सुटली की पुढे काय होतं, हे आपण सगळ्या जाणतो. आणि कारण काय, तर पंक्चर!

मी ती ट्यूब काढायला लावली. मागच्या चाकाच्या ट्यूबला सात ठिगळं होती, आणि त्यांतली पाच लांबट, जिथे दोन दोन चिरा एकाच ठिगळाखाली झाकल्या होत्या. काट्याची दोनच. मुलगी सकाळी धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवून अंगणवाडीत सोडायची, मग खडीच्या वाटेने शाळेत. दोघांचं वजन मागच्या चाकावर आणि हवा बोटाने दाबली की आत जाईल इतकी. महिनोन् महिने कुणी हवा भरलीच नव्हती. भरणार कशाने? घरात पंप नव्हता. पंक्चर काढलं की दुकानदार जेवढी भरेल तेवढीच.

मग आम्ही शिक्षकांनी थोडे थोडे पैसे घालून शाळेत पायाशी धरायचा एक उभा पंप आणून ठेवला. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत सायकलींची हवा. मुलीच भरतात, मुलीच वहीत नोंद ठेवतात. त्या मुलीची सायकल त्या पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत दोनदा पंक्चर झाली, दोन्ही वेळा काट्याने. ती आता दहावीत आहे. वडिलांनी तो विषय पुन्हा काढलेला नाही.

तर आता हिशेब. हवेचा दाब आपल्याकडे ‘पौंडा’त सांगतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. त्यामागचं गणित अगदी सोपं आहे. समजा, मागच्या चाकावर १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो भार आहे. हवा ४० पौंड असेल, तर टायरचा साधारण अडीच चौरस इंच भाग रस्त्याला टेकेल. हवा २० पौंड असेल, तर पाच चौरस इंच. म्हणजे हवा निम्मी केली की टायर दुप्पट पसरतं, चेपतं, सायकल जड चालते आणि रिम दगडाच्या जवळ येते.

यावरून तीन गोष्टी आपोआप कळतात. एक, वजन जास्त तर हवा जास्त. पस्तीस किलोच्या मुलीला आणि पासष्ट किलोच्या आईला एकच हवा चालणार नाही. दोन, मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून मागे थोडी जास्त हवा, पुढे थोडी कमी. कॅरिअरवर मूल किंवा गव्हाची पिशवी असेल, तर मागे आणखी. तीन, टायर रुंद तर कमी हवा पुरते, अरुंद तर जास्त लागते.

अंदाज म्हणून काही आकडे देते. जुन्या पद्धतीच्या काळ्या, २८ इंची दीड इंच रुंद टायरच्या सायकलला साधारण ४० ते ५० पौंड. २६ इंची, दीड इंचाच्या आतल्या टायरच्या लेडीज सायकलला ४५ ते ६०. मुलांच्या आवडीच्या, दोन इंच रुंद खडबडीत टायरला डांबरी रस्त्यावर ३५ ते ५० पुरे. शर्यतीच्या, इंचभर रुंदीच्या टायरला मात्र ८० ते १००. पण शेवटचा शब्द टायरचा. त्याच्या बाजूवर बारीक अक्षरांत दाबाचा आकडा उठवलेला असतो, कधी एकच, कधी कमीत कमी आणि जास्तीत जास्त. चष्मा लावून वाचा आणि त्या जास्तीत जास्तच्या वर कधीही जाऊ नका.

कारण ‘भरपूर हवा म्हणजे पंक्चर नाही’ हाही एक गैरसमजच. हवा अति झाली की चाक खडीवर चेंडूसारखं उडतं, ओल्या रस्त्यावर घसरतं, हादरे थेट कंबरेला बसतात. टायर जुनं असेल, तर बाजूला भेगा पडून ते फुटतं. पोळीची कणीक जशी फार घट्ट नको आणि फार सैल नको, तसंच हे.

दाब मोजायचं साधन घरात नसेल, तर एक पट्टी घ्या, मुलांच्या कंपासातली चालेल. सायकल रिकामी असताना जमिनीपासून मागच्या रिमच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मग नेहमीची पिशवी घेऊन तुम्ही सीटवर बसा, भिंतीला हात टेका आणि मुलाला पुन्हा मोजायला सांगा. पहिली उंची ३८ मिलिमीटर असेल आणि दुसरी ३२-३३ भरली, तर हवा ठीक. म्हणजे टायर साधारण सातव्या हिश्शाने बसावं. फार बसलं तर हवा भरा, जराही बसलं नाही तर थोडी सोडा. अंगठ्याच्या परीक्षेवर विसंबू नका. जाड टायर तीस पौंडांनाही अंगठ्याला कडकच लागतं.

आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, तिला वॉलट्यूब म्हणतात. तिच्यामुळे पंपावरचा काटा खरा दाब दाखवत नाही. तेव्हा पट्टीने एकदा हवा बरोबर जमवा आणि आठवड्याने पुन्हा तितकीच व्हायला पंपाचे किती हात मारावे लागले ते मोजून ठेवा. आमच्या वहीत मुलींनी तसंच लिहिलंय, ‘मागे १२, पुढे ८’. एखाद्या आठवड्यात बाराचे तीस झाले, तर समजावं, कुठेतरी बारीक गळती आहे किंवा वॉलट्यूब चिरली आहे. ट्यूब धडधाकट असली तरी हवा हळूहळू कमी होतेच, म्हणून आठवड्याचा नेम चुकवू नका. पेट्रोलपंपावर हवा भरायची वेळ आली, तर भरणाऱ्याला थोडी थोडी, थांबून थांबून भरायला सांगा. मोटारीच्या टाकीची हवा आपल्या चिमुकल्या ट्यूबमध्ये क्षणात मावेनाशी होते.

नाशिकच्या हवेचीही एक गंमत सांगते. इथे थंडीत पहाटे पारा दहा अंशांखाली येतो, निफाडकडे तर कधी पाचाच्याही खाली. उन्हाळ्यात दुपारी चाळीस. दहा अंशांत भरलेली ५० पौंड हवा चाळीस अंशांत सुमारे ५७ पौंड होते. म्हणून उन्हाळ्यात अगदी काठोकाठ भरू नका आणि सायकल सावलीत लावा, उन्हाने ठिगळाचं सोल्यूशनही सुटतं. थंडी सुरू झाली की मात्र आठवणीने पुन्हा मोजा.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायला विसरू नका. डोळ्यांना न दिसणारा काटा असेल, तिथे कापूस अडकतो. नाहीतर नव्या ठिगळाशेजारी तोच काटा संध्याकाळी पुन्हा टोचतो. आणि गतिरोधक आला की वेग कमी करून सीटवरून जरा उठा, तेवढंच चाकाला माहेर!

आणखी एक. हवेचं टायर पहिल्यांदा सुचलं ते रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाला, १८४५ साली, पण ते मागे पडलं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी ते पुन्हा केलं. ते होते जनावरांचे डॉक्टर! आपल्या मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी ही खटपट केली. म्हणजे आपण ज्याला पुरुषी, दुकानातलं काम समजतो, त्याचा उगम एका बापाच्या काळजीत आहे. मग आपल्या लेकींच्या चाकाची काळजी आपण घरी घ्यायला काय हरकत आहे?

तुमच्या घरात सायकल असेल, तर या रविवारी हे करून बघा. गॅसचा नंबर लावायची आठवण ठेवतो, दुधाचा हिशेब ठेवतो, तसंच कॅलेंडरवर एका वारापुढे ‘हवा’ असं लिहून ठेवा. मुलीला पंप हातात द्या, पट्टी हातात द्या, आणि ठिगळ लावायलाही शिकवा. जवळच्या शाळेत पंप नसेल, तर चार मैत्रिणी मिळून एक देऊन बघा. फार खर्च नाही हो, एखाद्या भिशीत सहज निघेल.

आणि नाशिकला आलात, तर गंगापूर रोडने सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत सायकलवर नक्की जा. सकाळी लवकर निघा, सोबत पाणी घ्या, आणि निघण्याआधी मागचं चाक एकदा पट्टीने मोजा.